हृदयाच्या ठोक्याची कुळकथा

मनुष्यास स्वतःच्या शरीराची जी चाहूल जन्मभर लागत असते, तींत हृदयाच्या ठोक्याइतकी जुनी व इमानी चाहूल दुसरी नाहीं. मिनिटास सरासरी बहात्तर या मानानें हे ठोके दिवसाकाठीं एक लाखाच्या घरांत जातात. तथापि कांहीं संकट ओढवल्यावांचून आपलें लक्ष त्यांकडे सहसा जात नाहीं. भाषेनें मात्र तें केव्हांच टिपून ठेविलें आहे. भय वाटलें म्हणजे आपला ऊर धडधडतो, वाईट वार्ता कानीं येतांच काळजांत धस्स होतें, निकालाची वाट पाहतांना मनांत धाकधूक चालते, आणि अपघात थोडक्यांत टळला म्हणजे काळजाचा ठोका चुकतो. हे सारे शब्द कानानें घडविलेले आहेत, डोळ्यानें नव्हेत. परंतु हा ध्वनि होतो तरी कशानें? आंत कोण कोणावर आपटतें? या साध्या प्रश्नाचें नीट उत्तर मिळण्यास युरोपखंडांतही एकोणिसावें शतक उजाडावें लागलें, आणि त्या उत्तरांतील शेवटचा बारकावा ठरेपर्यंत विसावें शतक अर्धें सरून गेलें. नांदेड-लातूरकडील वाचकांस ही कथा दूर देशींची वाटण्याचा संभव आहे. ती तशी नाहीं. तिचे दोन-तीन धागे आमच्याच मुलुखांतून गेलेले आहेत, व एकाचें टोंक तर आजच्या शाळेच्या वर्गांत येऊन पोंचलें आहे. तें दाखविणें हाच या लेखाचा हेतु होय.

प्रथम ‘काळीज’ या शब्दाचाच विचार करूं. खाटकाच्या दुकानीं काळीज मागितलें तर तो यकृत तोलून देतो. कवीपाशीं मागितलें तर तो हृदय देतो. हा घोटाळा एकट्या मराठीचा आहे असें मात्र नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील विख्यात ग्रीक वैद्य गॅलेन याचें मत असें होतें कीं, रक्त यकृतांत तयार होतें, तेथून तें शिरांच्या वाटे अंगभर पाझरतें, आणि अवयवांच्या पोषणांत खर्ची पडतें. हें मत युरोपांत सुमारें चौदाशें वर्षें प्रमाण मानिलें गेलें. ज्या मतांत हृदय हें रक्त ढकलणारें यंत्रच नव्हे, त्या मतांत त्याच्या ठोक्याचें कारण शोधण्याचें प्रयोजनही उरत नाहीं. ध्वनि कानांवर पडत होता. त्याला विचारावयाचा प्रश्नच कोणास ठाऊक नव्हता.

आमच्या मराठवाड्यांत नाद आणि हृदय यांचा संबंध जोडला गेला तो निराळ्या वाटेनें. तेराव्या शतकांत देवगिरीस यादव राजा सिंघण राज्य करीत असतां त्याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा एक अधिकारी होता. त्याचा आजा काश्मीरांतून दक्षिणेंत आलेला. शार्ङ्गदेवाचें काम जमाखर्चाचें, परंतु कीर्ति झाली ती ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथानें. वैद्यकाचाही त्यास व्यासंग असल्याचें ग्रंथावरून दिसतें. कारण संगीताच्या या ग्रंथाचा आरंभ तो रागतालांनीं न करितां मनुष्यदेहाच्या उत्पत्तीपासून करितो. नाद जर देहांतून निघतो, तर आधीं देह समजला पाहिजे, असा त्याचा सरळ हिशेब. मंद्र स्वराचें स्थान तो हृदयांत मानतो, मध्याचें कंठांत व ताराचें मस्तकांत. आणि बावीस श्रुति उत्पन्न होतात त्या हृदयाशीं लागलेल्या बावीस नाड्यांतून, असें सांगतो. नादाचे तो दोन भेद करितो: आघातानें उत्पन्न होणारा तो आहत, आणि आघातावांचून असणारा तो अनाहत. योगशास्त्रांत हृदयस्थानच्या चक्रास अनाहत हेंच नांव आहे.

या विवेचनास आजच्या शरीरशास्त्राच्या कसोटीस लावणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. हृदयांत बावीस नाड्या शोधूं जाणारास त्या सांपडणार नाहींत, व शार्ङ्गदेवाच्या मनांत हृदयाचा ठोका मोजण्याचा विचारही नव्हता. तथापि नाद हा देहाच्या रचनेवरून समजून घ्यावयाचा असतो, हें सूत्र त्यानें देवगिरीच्या पायथ्याशीं बसून मांडलें. आणि आहत व अनाहत या त्याच्या दोन शब्दांचा आम्हांस पुढें एकदां उपयोग करावयाचा आहे.

आतां युरोपाकडे वळूं. इ. स. १६२८ मध्यें विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें आपला लहानसा परंतु युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध केला. हृदय हा एक पोकळ स्नायु आहे, तो आकुंचन पावून रक्त ढकलतो, आणि तेंच रक्त फिरून हृदयाकडे येतें, हें त्यानें प्रयोगांनीं सिद्ध केलें. प्रथम वरच्या दोन कर्णिका आकुंचन पावतात व मग खालच्या दोन जवनिका, हा क्रमही त्यानेंच पाहिला. जातां जातां त्यानें असेंही लिहिलें कीं, घोडा पाणी पीत असतां घोटाघोटाचा जसा शब्द होतो, तसा शब्द रक्त ढकललें जातांना छातींत होतो व तो ऐकूं येतो. यावर व्हेनिस येथील पारिझानो नांवाच्या वैद्यानें टर उडविली कीं, आमच्या व्हेनिसांत तर असा आवाज कोणास ऐकूं येत नाहीं, लंडनांत येत असेल तर न कळे! या थट्टेंत एक मोठें सत्य आहे. पारिझानोच्या रुग्णांचीं हृदयें मुकीं नव्हतीं. ज्याच्या मतांत आवाजाला जागा नव्हती, त्याच्या कानांतही ती उरली नव्हती. हार्वेच्या पुढच्या पिढींतील रॉबर्ट हूक यानें मात्र घड्याळाच्या टिकटिकीवरून आंतील चाकांची चाल कळते, तद्वत् देहांतील अवयवांचीं कामें त्यांच्या आवाजांवरून ओळखतां येतील अशी आशा लिहून ठेविली. ती त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्यें छापली गेली, आणि पुढें शंभरांवर वर्षें तशीच पडून राहिली.

ती फळास आणिली पॅरिस येथील रेने लेनेक यानें. इ. स. १८१६ मध्यें नेकेर रुग्णालयांत हृदयविकाराचीं लक्षणें असलेली एक तरुण स्त्री त्याजकडे आली. ती स्थूल असल्यामुळें छातीवर हात ठेवून किंवा बोटांनीं ठोकून कांहीं कळेना, आणि तिचें वय व स्त्रीत्व ध्यानीं घेतां छातीस कान लावणें त्यास अनुचित वाटलें. लांकडाच्या तुळईच्या एका टोंकास टांचणीनें खरवडलें असतां दुसऱ्या टोंकास कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकूं येतो, हें त्यास आठवलें. त्यानें कागदाची गुंडाळी घट्ट वळून एक टोंक तिच्या छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरिलें; आणि उघड्या कानानें कधीं ऐकला नव्हता इतका स्पष्ट ठोका त्यास ऐकूं आला. पुढें त्यानें लांकडाची नळी करविली, शेंकडों रुग्ण तपासले, ऐकलेल्या आवाजांची मृत्यूनंतरच्या शवपरीक्षेशीं सांगड घातली, व १८१९ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. संकोचानें एक वीत दूर सरलेला कान देहाच्या अधिक आंत जाऊन पोंचला, असें म्हणतां येईल.

परंतु कारणाच्या बाबतींत हा थोर पुरुष चुकला. हृदयाचे आवाज दोन: पहिला मंद व लांबट, दुसरा आखूड व टणक. पहिला जवनिकांच्या आकुंचनानें होतो व दुसरा कर्णिकांच्या, असें लेनेकनें ठरविलें. आकुंचणाऱ्या कप्प्यांच्या दोन जोड्या व आवाज दोन, तेव्हां ही वांटणी मोठी सोयीची दिसते. पण हार्वेनें दोनशें वर्षांपूर्वींच पाहिलें होतें कीं, कर्णिका जवनिकांच्या आधीं आकुंचन पावतात, मागाहून नव्हे. मग त्यांचा आवाज दुसरा कसा? लेनेक १८२६ मध्यें क्षयानें वारला. त्याच्या कीर्तीच्या दडपणाखालीं ही चूक कांहीं वर्षें टिकली. १८३२ मध्यें रुआने नांवाच्या एका विद्यार्थ्यानें पॅरिस येथें पदवीसाठीं प्रबंध लिहिला व सांगितलें कीं, दोन्ही आवाज झडपांचे आहेत. जवनिका आकुंचन पावूं लागतांच कर्णिकांकडील द्विदल व त्रिदल झडपा मिटतात, तो पहिला. आणि जवनिका सैल पडतांच महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांच्या मुखाशीं असलेल्या अर्धचंद्राकृति झडपा मिटतात, तो दुसरा. इंग्लंडांत होप व विल्यम्स यांनीं गाढवांवर प्रयोग करून, अर्धचंद्राकृति झडपांचीं दलें आंकड्यानें धरून ठेविलीं असतां दुसरा आवाज नाहींसा होतो व त्याऐवजीं फूत्कार ऐकूं येतो, हें १८३५ च्या सुमारास दाखवून दिलें. आज सर्वांच्या तोंडीं असलेला ‘लब्-डब्’ हा शब्दही याच विल्यम्सच्या नांवावर सांगतात.

येथें कथा संपली असें पुष्कळ दिवस वाटत होतें. दार आपटतें तशी झडप आपटते व ठोका होतो, असें शाळेंत आम्हांसही शिकविलें गेलें. पण विचार केला असतां यांत एक अडचण दिसते. झडपेचीं दलें अगदीं पातळ व मऊ असतात, आणि तीं एकमेकांस मिळतात तीं रक्तांत बुडालेलीं असतां. ओल्या धोतराचे दोन पदर पाण्याखालीं एकमेकांस लागले तर टाळी वाजत नाहीं. मग छातीच्या भिंतीपलीकडे ऐकूं जाईल एवढा नाद येतो कोठून?

याचें उत्तर आमच्याकडील कोणत्याही बागाईतदारास न कळत ठाऊक आहे. गोदावरीच्या किंवा मांजरेच्या कांठीं विजेचा पंप चालूं असतां वीज एकाएकीं जाते. चढत्या नळांतील पाणी मागें येऊं पाहतें, एकमार्गी झडप मिटते, आणि सारा नळ हादरून ‘धप्प’ असा आवाज होतो. तो आवाज झडपेच्या चकतीचा आहे काय? चकती केवळ निमित्त. वेगांत असलेला पाण्याचा स्तंभ एकदम अडला, त्याच्या धक्क्यानें पाणी, नळ, झडप, सर्वच कांपलें, व त्या कंपाचा तो आवाज. हृदयांतही असेंच घडतें. जवनिका आंवळूं लागली कीं रक्त मागें कर्णिकेकडे उसळतें, द्विदल व त्रिदल झडपा शिडाप्रमाणें ताणल्या जातात, रक्त अडतें, आणि रक्त, झडपा व हृदयाच्या भिंती मिळून कांपतात. हा पहिला ठोका. जवनिका सैल होतांच महारोहिणींतील व फुप्फुसरोहिणींतील रक्त मागें फिरूं लागतें, अर्धचंद्राकृति झडपा त्यास झेलतात, पुन्हां तोच कंप. हा दुसरा. अमेरिकेंतील रॉबर्ट रश्मर यानें विसाव्या शतकाच्या मध्यास हें मत आग्रहानें मांडलें. पुढें ध्वन्यातीत लहरींनीं झडपांची हालचाल प्रत्यक्ष पाहतां येऊं लागली, तेव्हां झडपा मिटण्याचा क्षण आणि ध्वनीचा क्षण जुळतात असें दिसून आलें. म्हणजे वेळ झडपेची, पण वाणी सर्वांची. दोन्ही पक्षांचें म्हणणें आपापल्या जागीं खरें ठरलें. शार्ङ्गदेवाच्या शब्दांत बोलावयाचें तर, हा नाद अनाहत नव्हे, कारण धक्का आहे. पण टाळीसारखा आहतही नव्हे, कारण घनावर घन आपटत नाहीं. वाहतें असें कांहीं अडतें, तेव्हां तो उमटतो.

हें सारें पंडितांचें कुतूहल झालें. कारणाचा निर्णय चुकल्यानें रोग्याचें काय बिघडतें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या जुन्या राजधानींतच मिळतें. आजच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता, व संस्थानांतील नव्या वैद्यकाचें पीठ म्हणजे १८४६ मध्यें निघालेली, उर्दूतून शिकविणारी हैदराबादची वैद्यकशाळा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं तिचा प्रमुख एडवर्ड लॉरी हा होता. त्या काळीं शस्त्रक्रियेसाठीं क्लोरोफॉर्म देत, आणि त्यानें क्वचित् रोगी एकाएकीं दगावत. मृत्यु श्वास थांबल्यानें येतो कीं हृदय थांबल्यानें, हा वाद होता. लॉरीचें ठाम मत कीं, श्वासच आधीं थांबतो. म्हणून विद्यार्थ्यांनीं केवळ श्वासाकडे पाहावें, नाडीकडे पाहूंच नये. निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयानें १८८८ मध्यें एक व १८८९ मध्यें दुसरी, अशा दोन समित्या बसल्या. दुसरीसाठीं निजामांनीं एक हजार पौंड दिले व लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रानें लॉडर ब्रंटन यास धाडलें. शेंकडों जनावरांवर प्रयोग झाले, आणि निकाल लॉरीच्या बाजूनें लागला.

श्वासाकडे लक्ष द्या हा उपदेश चांगलाच होता. परंतु हृदयाकडे पाहूं नका हा उपदेश चुकीचा होता. १९११ मध्यें गुडमन लेव्ही यानें इंग्लंडांत दाखवून दिलें कीं, क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतांही जवनिका एकाएकीं ठोके देण्याचें सोडून नुसत्या थरथरूं लागतात. अशा थरथरीनें रक्त ढकललें जात नाहीं. जें वाहत नाहीं तें अडत नाहीं. म्हणून दोन्ही ठोके त्याच क्षणीं लोपतात. व्हेनिसच्या वैद्यास आवाज ऐकूं आला नाहीं त्यांत कोणाचें फारसें बिघडलें नाहीं. पण येथें मोठ्या खर्चानें व मोठ्या नांवांच्या साक्षीनें एक कारण ठरलें, आणि त्या कारणानें शिष्यांचें बोट नाडीवरून उचललें गेलें. अज्ञानापेक्षां शिक्का बसलेली चूक कानास अधिक बधिर करिते.

आतां शेवटचा धागा. लेनेकच्याच पिढीनंतर पॅरिस येथें बुइयो यानें १८३० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, सांधे सुजविणारा जो ताप मुलांना येतो, तोच पुढें हृदयास जडतो. घशांतील एका जंतूच्या संसर्गानंतर शरीर त्या जंतूशीं लढतां लढतां आपल्याच सांध्यांवर व झडपांवर उलटतें. सांधे कांहीं दिवसांत बरे होतात. झडपा कांहींच्या कायमच्या आंखडतात किंवा गळूं लागतात. दाटीचीं घरें व वेळेवर न मिळणारें औषध या दोहोंशीं या रोगाची सोयरीक आहे; म्हणून सुबत्ता आलेल्या देशांतून तो बहुतेक गेला, आणि आमच्याकडे अद्याप आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं हिवाळ्यांत आमच्या महाविद्यालयाचें राष्ट्रीय सेवा योजनेचें शिबिर कंधार तालुक्यांतील एका गांवीं होतें. त्याच आठवड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक तेथील शाळेंत मुलें तपासावयास आलें. पथकांतील तरुण डॉक्टरीणबाई अकरा वर्षांच्या एका मुलीच्या छातीवर नळी ठेवून बराच वेळ थांबल्या. शेजारची पिठाची गिरणी चालूं होती. ती त्यांनीं थोडा वेळ बंद करविली, वर्गास गप्प बसविलें, व मुलीस डाव्या कुशीवर निजवून पुन्हां ऐकलें. मग कौतुकानें जवळ उभ्या असलेल्या आम्हांस त्यांनीं नळी दिली. आम्हांस ठोके ऐकूं आले, आणि एक फुंकरीसारखा सूर. आम्ही म्हणालों, “चांगला स्पष्ट आवाज आहे.”

त्या हळूच म्हणाल्या, “सर, लब् आणि डब् यांच्या मधली जागा शांत असायला पाहिजे. हिची नाहीये. झडप मिटत नाही पुरती. रक्त मागं येतंय.”

मुलीच्या वडिलांस बोलाविणें गेलें. ते शेतावरून तसेच आले. “मॅडम, पळाली की दम लागतोय तिला. आम्हाला वाटलं, अशक्तपणा हाय,” ते म्हणाले. गेल्या पावसाळ्यांत तिचे गुडघे व घोटे आळीपाळीनें सुजले होते. वाढत्या वयाचें अंग दुखतें म्हणून घरच्यांनीं सोडून दिलें, व कोणी एकानें शक्तीच्या बाटल्या लिहून दिल्या होत्या. पुढें नांदेडास ध्वन्यातीत लहरींची तपासणी झाली, आणि गिरणी बंद करवून कानानें जें ओळखलें होतें तेंच पडद्यावर दिसलें. आतां तिला दर एकवीस दिवसांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन मिळतें. बिघडलेली झडप त्यानें नवी होत नाहीं. पण ताप पुन्हां उलटून ती अधिक बिघडूं नये, एवढें त्यानें साधतें, आणि अकराव्या वर्षीं एवढें साधणें म्हणजे पुष्कळ साधणें होय. वडिलांनीं घरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखांभोंवतीं गोल केले आहेत.

नांदेडास व लातुरास आज मोठीं रुग्णालयें व वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, आणि हृदयाचें चलच्चित्र दाखविणारीं यंत्रेंही आहेत. त्यामुळें कानाची ही जुनी विद्या आतां मागें पडली तरी चालेल, असें कित्येक तरुण डॉक्टरांस वाटत असल्यास नवल नाहीं. परंतु तें यंत्र कंधार तालुक्यांतील त्या वर्गांत नव्हतें. तेथें होता तो एक शिकलेला कान. आणि त्या मुलीस यंत्रापर्यंत पोंचविलें तें त्या कानानेंच. आमच्या कानांवर तोच आवाज पडला होता. आम्ही हार्वे वाचला होता, लेनेक वाचला होता, शार्ङ्गदेवही वाचला होता. आणि आम्हीं त्या आवाजास चांगला म्हटलें. त्या बाईंस झडप कोणत्या क्षणीं मिटावी हें ठाऊक होतें, म्हणून जेथें शांतता असावयास हवी होती तेथील शब्द त्यांस ऐकूं आला.